रानपिंगळ्याची साक्ष काढा!

दरवर्षी ३१ जुलैला खान्देशातील आंबेडकरी जनता धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणात जमते. १९३७ साली एका खटल्याच्या कामासाठी बाबासाहेब धुळ्यात आले होते, तेव्हा त्यांचा मुक्काम या कुरणातील लांडोर बंगल्यात झाला. त्या स्मृतीला वंदन करायला आम्हीही काळा कोट घरी ठेवून त्या गर्दीत जातो. बंगल्याचे नावच लांडोर. भोवती डोंगर, रान, पावसाने हिरवे झालेले गवत. भाषणे होतात, गाणी होतात, संध्याकाळी गर्दी परत फिरते आणि जंगल तिथेच मागे राहते. जंगलाचा प्रश्न वनखात्याचा, फार तर आदिवासींचा, आपला नव्हे, असे चळवळीने कळत नकळत ठरवून टाकले आहे. हा समज आपल्याला महागात पडतो आहे. जंगलाच्या नावाने उद्या कोणाला गाव सोडावे लागणार आणि कोणाचा रस्ता जंगलातून जाणार, हे ज्या पुराव्यावर ठरते किंवा ठरायला हवे, तो पुरावा आता जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तयार होतो. तो वाचता आला नाही, तर आपल्या माणसाची बाजू मांडणार कोण?

गोष्ट खान्देशातीलच एका पक्ष्यापासून सुरू करू. रानपिंगळा हे त्याचे नाव. आपल्या गावाशेजारी वडाच्या ढोलीत राहणारा ठिपक्यांचा पिंगळा सर्वांना माहीत आहे. रानपिंगळा त्याच्यासारखाच दिसतो, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, अंग दणकट आणि सागाच्या मोकळ्या रानात तो दिवसाही शिकार करतो. १८७३ साली ह्यूम या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नंतरच्या वर्षांत जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खान्देशात त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर हा पक्षी कोणालाच सापडला नाही. जगभरच्या संग्रहालयांत त्याच्या अवघ्या सात कातड्या शिल्लक होत्या. त्यांच्या चिठ्ठ्यांवर साहेबांची नावे आहेत. साहेबाला ते रान दाखवणारा जो कोणी भिल्ल किंवा पावरा असेल, त्याचे नाव एकाही चिठ्ठीवर नाही.

मग एक कर्नल पुढे आला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन. ब्रिटिश फौजेतला बडा अधिकारी आणि पक्षीशास्त्रातले मोठे प्रस्थ. १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे आपण रानपिंगळा मारला, असा त्याचा दावा होता आणि हातात नमुनाही होता. साहेबाच्या शब्दावर शंका कोण घेणार? पुस्तकांत मांडवीची नोंद झाली, अभ्यासक मांडवीला जाऊन शोधत राहिले आणि हात हलवत परत आले. अखेर १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक महिलेने त्या नमुन्याची क्ष-किरणांनी तपासणी केली. नमुना चोरीचा निघाला. ब्रिटिश संग्रहालयातील डेव्हिडसनचाच पक्षी उचलून, पुन्हा नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. नायजेल कॉलर यांच्यासह रासमुसेन यांनी १९९९ साली ही लबाडी सविस्तर प्रसिद्ध केली.

मांडवीची नोंद खोटी, म्हणजे शोध जुन्या खऱ्या ठिकाणीच घ्यायला हवा, असा साधा तर्क रासमुसेन यांनी केला. आधी छत्तीसगडच्या बाजूला शोध घेतला, तिथे काही मिळाले नाही. मग त्या बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह खान्देशात आल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आणि इतर अभ्यासकांनी तोरणमाळ, तळोदा, यावल अभयारण्य, मेळघाट, मध्य प्रदेशातील खंडव्याकडची जंगले पालथी घातली आणि तिथेही तो आढळला. वकील म्हणून या प्रकरणातून आम्ही एवढेच शिकतो की, मोठ्या माणसाची खोटी साक्ष ऐंशी वर्षे टिकली आणि वस्तूची तपासणी झाली त्या दिवशी ती कोसळली.

आता जनुकांकडे वळू. ह्यूमने या पक्ष्याला स्वतंत्र वंशात टाकले होते, हेटरोग्लॉक्स. म्हणजे त्या वंशात जगात हा एकटाच. काही तज्ज्ञ म्हणत, हा आपल्या साध्या पिंगळ्याच्याच अथीनी वंशातला. कवटी, पाय, पिसे पाहून शंभर वर्षे वाद चालला. दिसण्यावरून नाते ठरवणे किती फसवे असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. अखेर पंकज कोपर्डे, प्राची मेहता, सुषमा रेड्डी, उमा रामकृष्णन, शोमिता मुखर्जी आणि व्ही. व्ही. रॉबिन या अभ्यासकांनी रानपिंगळ्याचा डीएनए इतर घुबडांच्या डीएनएशी ताडून पाहिला. २०१८ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रानपिंगळा अथीनी वंशातच बसतो, तो पिंगळ्याचाच भाऊबंद आहे, पण प्रजाती म्हणून स्वतंत्र आहे.

डीएनएवरून हे कसे कळते? प्रत्येक पेशीत अक्षरांची एक लांबच लांब ओळ असते. पिढ्यानपिढ्या तिची नक्कल होताना क्वचित एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या वंशजांत उतरत जाते. ज्या दोन जिवांत सारख्या चुका जास्त, त्यांचा पूर्वज जवळचा. जुन्या दस्तऐवजाची नक्कल करताना कारकुनाने केलेली चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते आणि त्यावरून कोणती नक्कल कशावरून केली हे कोर्टात दाखवता येते, तसाच हा प्रकार. या निकालाने रानपिंगळ्याचे ‘वंशातला एकुलता एक’ हे बिरुद गेले. संवर्धनाच्या दृष्टीने ते बिरुद मोठे सोयीचे होते, तरी पुरावा विरुद्ध गेला तेव्हा तो लपवला गेला नाही. त्याच वर्षी अधिक ठिकाणी पक्षी सापडल्यामुळे जागतिक यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा बदलला गेला. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज फक्त २५० ते ९९९ असा आहे.

रानपिंगळ्यापेक्षा जनुकांची साक्ष जास्त उपयोगी ठरली ती वाघाच्या बाबतीत. वाघाला पकडावे लागत नाही. त्याची विष्ठा वाटेवर पडलेली असते आणि तिच्यावर आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यातून डीएनए काढला की, हा वाघ कोणता, नर की मादी, कोणत्या जंगलातल्या वाघांशी त्याचे नाते आहे, हे सांगता येते. बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेतील उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेळघाट, सातपुडा, पेंच, कान्हा अशा मध्य भारतातील जंगलांत हे काम केले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसले की, ही जंगले नकाशावर सुटी दिसत असली तरी त्यांतील वाघांचे नातेसंबंध जुळलेले आहेत. वाघ शेकडो किलोमीटर चालत जातो, शेतांतून, ओढ्यांतून वाट काढतो. दाट वस्ती आणि रस्ते मात्र त्याची वाट अडवतात.

वाट तुटली की काय होते? ओडिशातील सिमिलीपालमध्ये काळपट वाघ दिसतात. लोक फोटो काढतात, कौतुक करतात. २०२१ च्या अभ्यासाने दाखवले की, एका जनुकातील बदलामुळे त्यांचे पट्टे पसरून रुंद झाले आहेत आणि तिथले वाघ बाहेरच्यांपासून तुटून थोड्या संख्येत कोंडले गेल्यामुळे हा दुर्मीळ बदल तिथे एवढा पसरला. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासात रणथंबोरच्या वाघांत आप्तप्रजननाच्या ठळक खुणा आढळल्या. त्यांच्या जनुकांत आईकडून आणि बापाकडून आलेले तुकडे सारखेच निघतात, कारण आईबाप जवळचे नातलग. अशा कोंडलेल्या समूहात झाकलेले दोष उघडे पडू लागतात. म्हणून जनुकशास्त्रात एक ठोकताळा आहे की, दर पिढीला बाहेरचा निदान एखादा जीव येऊन वाढला पाहिजे.

खान्देशात हे कुठे लागू होते ते पाहा. मेळघाटापासून पश्चिमेकडे सातपुड्याची रांग बुलढाण्यातील अंबाबरवा, मग मुक्ताईनगर, रावेर, यावल, चोपडा, शिरपूरचे अनेर, तोरणमाळ अशी थेट अक्कलकुव्यापर्यंत जाते. मुक्ताईनगरच्या वढोदा वनक्षेत्रात वाघाचा वावर नोंदलेला आहे. दक्षिणेला चाळीसगावच्या डोंगरात, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात २०२१ मध्ये कॅमेऱ्याने वाघ टिपला. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला, गळ्यात पट्टा बांधलेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटा अजून पूर्ण मेलेल्या नाहीत, हे वाघाने स्वतःच्या पायांनी सिद्ध केले आहे. पण या रांगेला शिरपूरच्या वर मुंबई-आग्रा महामार्ग आडवा छेदतो आणि पायथ्याशी अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता, केळीचे पट्टे, वाढती गावे आहेत. विदर्भात तर सरकारवर वेगळीच वेळ आली. मे २०२३ मध्ये चंद्रपूरकडच्या दोन वाघिणींना बेशुद्ध करून, गाडीत घालून नवेगाव-नागझिऱ्यात सोडावे लागले. आधी वाट तोडायची आणि मग वाघिणीला मोटारीने माहेरी-सासरी पोहोचवायचे, याला संवर्धन म्हणायचे का?

इथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. ‘जनुक’ हा शब्द ऐकला की काही लोकांना लगेच रक्तशुद्धी आठवते. आनुवंशिकतेच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये सडेतोड उत्तर दिले आहे. त्याआधी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात त्यांनी जातीचे मर्म सजातीय विवाहबंधनात आहे, हे दाखवून दिले होते. जनुकशास्त्राने त्यानंतर बाबासाहेबांच्याच बाजूने साक्ष दिली आहे. हैदराबादच्या सीसीएमबी आणि अमेरिकेतील हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवले की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशात सर्व थरांतील लोकसमूह एकमेकांत मिसळले आणि नंतर ही सरमिसळ थांबून कुंपणे पडली. माणूस आणि वाघ यांची तुलना आम्ही इथेच थांबवतो. पण कोंडून घेतल्याने कोणताही जीव शुद्ध होत नाही, तो दुबळा होतो, हे रणथंबोरचा वाघही सांगतो.

आता मूळ मुद्दा, कायद्याचा. २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ४(२) किती जणांनी वाचले आहे? अभयारण्यातील एखादा भाग ‘अतिसंवेदनशील वन्यजीव अधिवास’ ठरवून तिथल्या हक्कदारांना हलवायचे असेल, तर आधी हक्क मान्य करण्याची प्रक्रिया पूर्ण झाली पाहिजे. त्या लोकांच्या तिथे असण्याने वन्यप्राण्यांचे कधीही भरून न येणारे नुकसान होते आणि प्रजातीच धोक्यात येते, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. सहजीवनासारखा दुसरा वाजवी पर्याय उरलेला नाही, असा निष्कर्ष काढला पाहिजे. ग्रामसभेची लेखी, समजून-उमजून दिलेली संमती पाहिजे. पुनर्वसनाची जागा आणि सोयी तयार झाल्याशिवाय कोणालाही हलवता येत नाही. आणि लोकांना हलवून मोकळी केलेली ती जागा सरकारला पुढे दुसऱ्या कोणत्याही कामासाठी देता येत नाही. म्हणजे सिद्ध करण्याचा भार कायद्याने सरकारवर टाकला आहे, जंगलात राहणाऱ्यावर नाही!

प्रत्यक्षात काय घडते? १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, वन्यजीव संस्थांच्या याचिकेवर, ज्यांचे वनदावे फेटाळले गेले त्यांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. देशभर लाखो आदिवासी कुटुंबांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. गदारोळ झाला आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. त्या पंधरवड्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जी धास्ती पसरली, ती आम्ही पाहिली आहे. पावरा, बारेला, भिल्ल, तडवी माणसे दाव्याच्या झेरॉक्स पिशवीत घालून वकिलांकडे येत होती. त्यांच्या राहण्याने कोणत्या प्राण्याचे काय नुकसान झाले, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. उद्या कोणी सातपुड्यातील गावाला वाघासाठी किंवा रानपिंगळ्यासाठी उठायला सांगितले, तर पहिला प्रश्न विचारा की, पुरावा कुठे आहे? या जंगलातील विष्ठेचे नमुने कोणी, कधी तपासले? या वाघाची वाट कुठे तुटली आहे, पाड्यावर की महामार्गावर? जनुकशास्त्र कोणत्या झाडावर कोणी कुऱ्हाड घातली हे सांगू शकत नाही. पण दोन जंगलांतील जिवांची ये-जा चालू आहे की थांबली आहे, हे ते सांगते आणि त्यावरून अडथळा कुठे आहे ते शोधता येते. पाडा हलवायचा आणि त्याच वाटेवर रस्ता रुंद करायचा, हा दुटप्पीपणा अशा अभ्यासासमोर टिकत नाही.

पुरावा दुधारी असतो, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. रानपिंगळा सागाच्या जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. नव्या जमिनीसाठी किंवा लाकडासाठी असली झाडे तुटली, तर तोडणारा आपला की परका हे पाहून पक्षी जगत नाही. घुबडाची अंडी आणि अवयव जादूटोण्यासाठी वापरण्याचे प्रकारही अभ्यासकांनी नोंदले आहेत. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणे हा गंभीर गुन्हा आहे. पण कायदा सांगण्याआधी आपण आपल्या लोकांना सांगितले पाहिजे की, पिंगळा ओरडल्याने कोणाचे मरण येत नाही. तो उंदीर आणि सरडे खातो. शेतकऱ्याचा त्याच्याएवढा स्वस्त राखणदार दुसरा नाही.

कोर्टातही डीएनए गरिबाच्या कामी येतो. कोणाच्या घरी मांस सापडले की, ते हरणाचे म्हणून गुन्हा दाखल होतो. वन्यजीव कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे वन्यप्राण्याचे मांस ताब्यात असल्याचे सिद्ध झाले की, ताबा बेकायदा नाही हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. पण मांस मुळात कोणत्या प्राण्याचे, हे आधी ठरले पाहिजे. हैदराबादच्या सीसीएमबीच्या लॅकोन्स प्रयोगशाळेत छोट्या तुकड्यावरूनही प्रजाती ओळखता येते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ प्रमाणे तज्ज्ञाचे मत कोर्टासमोर येऊ शकते. नमुना कोणासमोर घेतला, सील कोणी केले, अहवाल कुठे आहे, हे प्रश्न तरुण वकिलांनी जामिनाच्या अर्जापासूनच विचारायला हवेत.

आणि शेवटी हा पुरावा गोळा कोणी करायचा? वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला आहे. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही हवी. ती नोंदवही पंचायतीच्या कपाटात आहे का, ती गावाने भरली की परस्पर कोणी भरून दिली, हे जाऊन पाहा. कोणत्या ढोलीत रानपिंगळा दिसला, कोणत्या नाल्यातून वाघ उतरला, तारखेसह लिहून ठेवा. आणि आपल्या मुलामुलींना डॉक्टर, इंजिनिअर, वकील याच्या पलीकडेही पाहू द्या. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात विज्ञान शिकणारी आपली आणि आदिवासींची मुले जनुकशास्त्राकडे वळली पाहिजेत. रोजंदारीवर विष्ठेच्या पिशव्या उचलणारा आपला आणि अहवालावर नाव दुसऱ्याचे, हे किती दिवस चालायचे? डेव्हिडसनच्या चिठ्ठीवर त्या वाटाड्याचे नाव नव्हते. पुढच्या चिठ्ठीवर ते असले पाहिजे.

येत्या ३१ जुलैला लळिंगला याल तेव्हा भाषणानंतर तासभर थांबा. सोबत पाड्यावरचा एखादा जाणकार बोलवा, शाळेतली मुले आणा आणि कुरणात काय काय जगते त्याची यादी त्यांच्याकडून करून घ्या. त्या यादीवर तारीख टाका आणि यादी करणाऱ्यांची नावे लिहा.